आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं : अन्नपेढीच्या टेम्पोचा हिशेब

बचत गटाच्या बैठकीत आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. आज मात्र मिनिटांचा आणि किलोंचा हिशेब मांडू या. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली भागात आम्ही काही गटांच्या बायका उरलेलं अन्न, भाजीपाला आणि किराणा गोळा करून वस्त्यांपर्यंत पोचवायच्या कामात हातभार लावतो. अशा कामाला कुणी अन्नपेढी म्हणतं, कुणी फूड बँक, तर कुणी रोटी बँक. नाव काहीही असो, काम टिकतं की मोडतं ते दोन गोष्टींवर ठरतं. एक, गाडी कुठे किती वाजता पोचते. दुसरी, गाडी कशी भरली जाते.

तुमच्यापैकी कुणी मुरबाड-शहापूरकडून भाजी पाठवत असाल, कुणाचा गट स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेत असेल. तुम्हालाही हे उपयोगी पडेल, कारण टेम्पो सगळ्यांचा सारखाच आणि रस्तेही तेच.

उरलेलं आणि उष्टं

आधी एक भेद पक्का करू. उरलेलं वेगळं आणि उष्टं वेगळं. ताटातलं, पानातलं, हात लागलेलं ते उष्टं. ते कुणालाही द्यायचं नाही. पातेल्यात झाकून राहिलेलं ते उरलेलं. आपण घेतो ते फक्त हेच. गरीब असला तरी माणूस पाहुणाच आहे, हे धरून चालायचं.

अन्नपेढी ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी सुरू केली. आपल्याकडे मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली आणि पुढे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी ते काम मोठं केलं. गरज किती आहे पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. पाच माणसांच्या घराचे झाले पावणेतीनशे किलो! आणि यात लग्नाच्या हॉलमधलं धरलेलंच नाही.

दोन तासांचं घड्याळ

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसंच बाहेर ठेवू नये. गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, म्हणजे वाफ निघेल इतकं गरम, आणि गार ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधल्या कोमट अवस्थेत जंतू भराभर वाढतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. भात, वरण, बटाट्याची भाजी, दुधाचे पदार्थ लवकर बिघडतात. पुष्कळदा वासही येत नाही, आणि खाणाऱ्याला रात्री जुलाब-उलट्या होतात. लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून घड्याळ गाडी निघाल्यापासून लावायचं नाही. पातेलं शेगडीवरून उतरलं तिथून लावायचं. एक उदाहरण घेऊ.

समजा, दुपारच्या लग्नाचे तीन हॉल आहेत. पहिल्या हॉलचं पातेलं अडीचला उतरलं. भरायला दहा मिनिटं, म्हणजे दोन चाळीस. दुसऱ्या हॉलला पंधरा मिनिटांत पोचलो. तिथे कुणाला काही ठाऊक नाही. मॅनेजर जेवायला गेलेला, आचारी भांडं द्यायला तयार नाही. वीस मिनिटं थांबलो, दहा मिनिटं भरायला. तीन पंचवीस झाले. तिसऱ्या हॉललाही तसंच झालं, निघालो चार दहाला. तिथून वस्ती अर्ध्या तासावर. पोचलो चार चाळीसला. पहिल्या हॉलच्या भाताला दोन तास दहा मिनिटं झाली. तो भात वाढायचा नाही.

आता तोच टेम्पो, तेच रस्ते, तेच हॉल. पण दोन्हीकडे अन्न डब्यांत भरून दारात तयार आहे. तर आपण चार वाजता वस्तीवर पोचतो. दीड तास झाला, आणि वाढायला अर्धा तास हातात आहे. गाडी वेगाने पळवून हे झालं नाही. वाट पाहण्याची चाळीस मिनिटं वाचली, म्हणून झालं.

वेळापत्रक कसं बांधायचं

पहिलं काम म्हणजे देणाऱ्यांची वही. प्रत्येक ठिकाणासाठी एक पान. काय मिळतं, साधारण किती, किती वाजता तयार होतं, हातात कोण देतं आणि तो नसेल तर दुसरं कोण. गाडी कुठे उभी राहते, हॉल कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालते का, हेही लिहायचं. दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने डबे उतरवायला लागणारा वेळ वहीत नसेल, तर वेळापत्रक कागदावरच राहतं.

दुसरं, मालाचे तीन भाग करायचे. कोरडा शिधा कोणत्याही दिवशी आणता येतो, त्याला आठवड्याचा एक वार ठरवून टाकायचा. भाजीपाला सकाळचा. कल्याणच्या बाजार समितीत घाऊक विक्री पहाटे सुरू होते, त्यामुळे उरलेली भाजी सकाळीच उचलायची. उन्हात दुपारपर्यंत राहिली तर पालेभाजी गेलीच. शिजवलेलं अन्न मात्र वेगळ्या फेरीत. तिन्ही एकाच फेरीत कोंबले तर कांद्याच्या गोणीपायी वरणाचा वेळ जातो.

तिसरं, रुळांचा विचार. आपली शहरं रेल्वेने पूर्व आणि पश्चिम अशी कापलेली आहेत, आणि ओलांडायला जागा मोजक्याच. कल्याणला पत्री पूल, डोंबिवलीला कोपर पूल आणि ठाकुर्लीचा पूल, ठाण्याला कोपरीचा पूल. नकाशावर दोन हॉल समोरासमोर दिसतात, पण एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असला तर मध्ये अर्धा तास जाऊ शकतो. म्हणून एका फेरीत एकच बाजू घ्यायची, आणि वाटपाची वस्तीही शक्यतो त्याच बाजूची. संध्याकाळी कल्याण-शिळ रस्ता आणि घोडबंदर रस्ता कसे तुंबतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. गर्दीच्या वेळी त्या रस्त्यांवर शिजवलेल्या अन्नाची फेरी ठेवायचीच नाही.

चौथं, देणाऱ्याला 'अकरा वाजता येतो' असं सांगू नये. 'अकरा ते साडेअकरा' असं सांगावं आणि ते पाळावं. आदल्या संध्याकाळी एक फोन आणि निघण्याआधी अर्धा तास दुसरा. दुसऱ्या फोनवर आचाऱ्याला सांगायचं, "दादा, शेगडीवर गरम राहू द्या, आम्ही निघालो की उतरवा." काउंटरवर उघडं मांडलेलं घ्यायचं नाही, आतल्या पातेल्यात झाकून गरम ठेवलेलंच घ्यायचं.

आणि पाचवी गोष्ट आपल्या भिंतीवरच टांगलेली असते, ती म्हणजे दिनदर्शिका! तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. चातुर्मासात हॉल थंड असतात. गणपतीत मंडळांचे महाप्रसाद, चैत्रात हनुमान जयंतीचे भंडारे. कोणत्या दिवशी जास्तीचा टेम्पो लागेल आणि कोणत्या महिन्यात फक्त शिध्यावर भागवावं लागेल, हे वर्षाच्या सुरुवातीलाच खुणा करून ठेवता येतं.

डबेवाल्यांकडून शिकण्यासारखं

गाडी भरण्याच्या बाबतीत आपले गुरू घरचेच आहेत. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं डबेवाल्यांचं काम पाहा. मावळ, खेड, जुन्नर भागातली ही माणसं. लोकल स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात डब्यांनी भरलेली लांब पाटी आत चढली पाहिजे. ते कसं जमतं? डबे गाडीत चढल्यावर ते निवडत बसत नाहीत. कोणता डबा कोणत्या स्टेशनावर उतरायचा, ते गाडी येण्याआधीच निवडून झालेलं असतं. आणि झाकणावर रंग, आकडे, अक्षरं अशा खुणा असतात, त्यामुळे फार शिकलेला नसला तरी माणूस चुकत नाही.

आपणही तेच करायचं. प्रत्येक वस्तीला एक रंग द्यायचा. डब्याला त्या रंगाची फीत बांधायची. वाचता न येणारी मावशीसुद्धा लाल फितीचे डबे लाल ढिगात ठेवते. सोबत एक चिठ्ठी. पदार्थ कोणता, कुठून आला, किती वाजता उतरला. वस्तीवरची ताई चिठ्ठी बघूनच वाढायचं की नाही ते ठरवते.

गाडी भरताना

एसटीच्या टपावर सामान चढवलेलं आठवतं ना? शेवटच्या गावाचं सामान आधी चढायचं. इथेही तसंच. जी वस्ती शेवटची, तिचे डबे आधी चढवून आत केबिनकडे. पहिली वस्ती, तिचे डबे सगळ्यात शेवटी, फाळक्याजवळ. उलटं भरलं तर प्रत्येक ठिकाणी अर्धी गाडी उतरवून पुन्हा भरावी लागते.

जड खाली, हलकं वर. जडही एका अंगाला नको, दोन्ही बाजूंना सारखं आणि मागच्या टोकाला कमीत कमी. वरण-रश्शाचे डबे पाऊणच भरायचे, घट्ट झाकणाचे, आणि दोरीने बांधायचे. पोळ्या, पाव वरती. पालेभाजी गरम पातेल्याला चिकटून नको. फिनेल, रॉकेल, साबण अन्नाच्या गाडीत अजिबात नाही. वर ताडपत्री, पावसाळ्यात खाली फळ्या.

वजनाचाही हिशेब हवा. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो तो टेम्पो साधारण ७५० किलो नेतो. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या आरसी बुकात पाहा. टोमॅटोचं क्रेट २० किलो धरलं तर ३७ क्रेट झाले, की गाडी वजनाने भरली, जागा शिल्लक दिसली तरी. पावाचं उलट असतं. जागा संपते, वजन काहीच नसतं. म्हणून कांदे-बटाटे खाली आणि पाव वर अशी जोडी लावली, तर एकाच फेरीत दोन्ही जातात.

माणसांचीही कामं ठरलेली असावीत. एकजण दारात उभी राहून मोजणार आणि वहीत लिहिणार. दोघी डबे पुढे देणार. एक गाडीत उभी राहून लावणार. सगळ्याजणी आत-बाहेर धावल्या तर एकमेकींच्या पायात येतात.

आणि बायांनो, आपली पाठ सांभाळा. वजन उचलताना कंबरेत वाकायचं नाही, गुडघे वाकवायचे आणि वजन अंगाशी धरायचं. २० किलोच्या वर असेल तर दोघींनी उचलायचं, किंवा खाली चाकाची ट्रॉली लावायची. गरोदर, नुकती बाळंत झालेली, ऑपरेशन झालेली किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली बाई वही सांभाळेल, वजन उचलणार नाही. असा त्रास आपल्यात पुष्कळजणींना असतो आणि लाजेपायी कुणी बोलत नाही. पुण्याचं काम म्हणून शरीर झिजवायचं नसतं.

नाही म्हणायचं बळ

एका मे महिन्यात रात्री उशिरा एका हॉलवरून आम्हाला फोन आला. दोनशे माणसांचं जेवण उरलं होतं, पण ते संध्याकाळी सहाला शिजलेलं आणि तेव्हापासून बाहेर होतं. आम्ही नको म्हटलं. समोरचे गृहस्थ चिडले. "फुकट मिळतंय तरी नखरे," म्हणाले. पण पोट बिघडलं तर दवाखान्याचा खर्च त्या वस्तीतल्या बाईलाच करावा लागतो, तोही एका दिवसाची मजुरी बुडवून. पुढच्या वेळी जेवण सुरू व्हायच्या आधीच कळवा, इतकंच आम्ही त्यांना सांगितलं.

उरलेलं अन्न वाटण्याबद्दल एफएसएसएआय या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये नियम केले आहेत. वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, स्वच्छता पाळायची आणि कुणाकडून काय घेतलं, कुणाला दिलं याची नोंद ठेवायची. तुमच्या गटाला हे काम करायचं असेल तर आधी एखाद्या नोंदणी असलेल्या संस्थेला जोडून घ्या. आपली वही नीट असेल तर नोंदीचं काम जड जात नाही. गटाचं नोंदवही लिहिण्याचं वळण इथे कामाला येतं.

येत्या बैठकीत एवढंच करून बघा. मागच्या तीन फेऱ्या आठवा, भाजीच्या असोत की जेवणाच्या ऑर्डरीच्या. गाडी चालली किती वेळ आणि नुसती उभी राहिली किती वेळ, हे दोन आकडे फळ्यावर लिहा. उभं राहण्याचा आकडा जिथे मोठा दिसेल, तिथल्या माणसाला आधी फोन लावा. काय आढळलं ते आम्हाला नक्की कळवा.