मनगटावरचा गुलाब

अहेरीच्या बाजारात बांगड्या, कुंकू, आरसे विकणाऱ्याकडे गुलाबाच्या अत्तराची बोटाएवढी कुपी हमखास मिळते. दसऱ्याला आणि लग्नसराईत तिचा खप अधिक. दुकानदार बुचानेच मनगटावर रेघ ओढतो, आपण हुंगतो, खूश होतो, पैसे देतो. तासाभराने तक्रार सुरू : वास बदलला, फसवलं! मी इथे रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही तक्रार माझ्यापर्यंत येतेच. पण मंडळी, वास बदलला यात फसवणूक नाही.

गुलाबाचा वास हा एका पदार्थाचा नव्हे. त्यात शेकडो पदार्थ असतात. ओले कपडे न उकळता वाळतात, तसे हे पदार्थही हळूहळू हवेत उडतात, मात्र प्रत्येकाचा वेग वेगळा. हलके आधी जातात : लिंबाच्या सालीसारखे, हिरव्या पानासारखे. दुकानात आपण हुंगतो तो मुख्यतः यांचाच वास. मग फेनिल इथाइल अल्कोहोल, सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल यांची पाळी. हे उकळतात २२० ते २३० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून सावकाश उडतात. आपण ज्याला गुलाब म्हणतो तो इथे भेटतो. त्यातच डॅमसेनोन नावाचा एक पदार्थ असतो. गुलाबतेलात तो शेकडा एक भागही नसतो, पण मधाची, शिजलेल्या सफरचंदाची गोड झाक तोच देतो. सर्वांत शेवटी उरते ते जड तेल, जुन्या पद्धतीत चंदनाचे.

ही जुनी पद्धत कनौजची. तिथे पाकळ्या तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे चंदनतेल भरलेल्या भांड्यात उतरते आणि तेल तो वास धरून ठेवते. फुले पहाटेच तोडायची, ऊन चढले की वास कमी होतो. आपल्याकडे मोहफुलेही पहाटेच वेचतात. ताज्या मोहाचा वास आणि वाळलेल्या मोहाचा वास वेगळा, हे इथल्या पोराला शिकवावे लागत नाही. मग अत्तराने बदलू नये, हा हट्ट का?

आता पैशांचे. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे निव्वळ गुलाबतेलाची पाच मिलिलिटरची कुपी भरायला पंधरा किलोच्या आसपास. चाळीस रुपयांत हे बसत नाही आणि चारशेतही नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने ताईच्या लग्नासाठी 'असली' म्हणून चारशेची कुपी आणली. तिच्यात चाळीसच्या कुपीहून निराळे काही मला तरी आढळले नाही. फसवणूक म्हणायची ती ही.

चाळीसची कुपी मात्र मी कमी लेखत नाही. तिच्यात बहुधा कारखान्यात बनवलेले फेनिल इथाइल अल्कोहोल असते. खऱ्या पाकळीतला हा पदार्थ ऊर्ध्वपातनात तेलापेक्षा पाण्यात अधिक उतरतो, म्हणून हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून शिंपडतात त्या गुलाबपाण्याला त्याचाच वास असतो. आपल्या नाकाला लहानपणापासून ओळखीचा गुलाब तो हाच.

घेताना एवढे करा. रेघ ओढल्यावर मनगटे एकमेकांवर घासू नका. उष्णतेने हलका भाग लवकर उडतो. भाजी घेऊन या आणि अर्ध्या तासाने हुंगा. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तसूभरही न बदलणारे अत्तर बहुधा एकाच पदार्थाचे असते, त्याला जास्त पैसे देऊ नका. मे महिन्यात सगळेच लवकर उडणार, तेव्हा कापसाचा फाया बरा. काहींच्या त्वचेला अत्तराने खाज सुटते. त्यांनीही फायाच वापरावा.

आणि वास गेला असे वाटले तर लगेच दुसरी रेघ ओढू नका. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणे सोडते. शेजारी बसलेल्याला विचारा, त्याला तो अजून येत असतो.