मॉर्फिनची गोळी आणि गैरसमजांचे ओझे

नागपूर, प्रतिनिधी

कर्करोगाचा रुग्ण रात्रभर कण्हत असतो, घरचे जागे असतात आणि डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनची गोळी मात्र कपाटातच राहते. 'सवय लागेल' किंवा 'हे औषध दिले म्हणजे शेवट जवळ आला', अशी धास्ती त्यामागे असते. प्रत्यक्षात वैद्यकीय देखरेखीखाली व्यसन क्वचितच लागते आणि योग्य मात्रेने मृत्यू लवकर ओढवत नाही.

नंदनवनपासून जवळच, तुकडोजी चौकात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असल्याने या परिसराला कर्करुग्णांच्या यातना नव्या नाहीत.

मॉर्फिन अफूपासून मिळते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक तरतुदींमुळे आपल्याच रुग्णांना हे औषध दुर्मिळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने अनेक परवान्यांची कटकट संपवली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येते. कोपऱ्यावरच्या औषध दुकानात ते सहसा मिळत नाही, ते यामुळेच.

साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून दुखण्याची वाट न पाहता ती घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागते. मात्रा अल्प प्रमाणात सुरू करून डॉक्टरच वाढवतात. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र पाठ सोडत नाही, त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासूनच हवे. औषध एकाएकी बंद करणेही घातक.

खरा धोका मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत घेण्यात आहे. मूत्रपिंड कमजोर असल्यास औषध शरीरात साचते. रुग्ण हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे नॅलॉक्सोन हा उतारा देता येतो.

फेंटानिलची पट्टी वापरणाऱ्यांनी नागपूरचा मे महिना विसरू नये. पट्टीला थेट उष्णता लागली किंवा ताप चढला, तर औषध त्वचेतून अधिक वेगाने शोषले जाते. शेकण्याची पिशवी त्यावर ठेवणे तर टाळावेच.

शेजाऱ्याने 'साधी दुखण्याची गोळी' म्हणून दिलेली ट्रॅमाडॉलही याच कुळातली असून २०१८ पासून ती याच कायद्याखाली आली आहे. उरलेल्या गोळ्या मुलांपासून दूर, कुलपात ठेवाव्यात आणि गरज संपल्यावर, त्या जिथून मिळाल्या त्या रुग्णालयात विचारूनच त्यांची विल्हेवाट लावावी.