घरचं वॅफल, ज्वारीचं आणि बेताचं गोड



शिक्षणासाठी नागपूर-चंद्रपूरला राहणारी पोरं सुट्टीत घरी आली की नवीन फर्माईश घेऊन येतात. सध्या त्यांच्या तोंडी वॅफलचं नाव आहे. चौकोनी खळग्यांचा, वरून चॉकलेटचा पाक ओतलेला हा पदार्थ वणी तालुक्यातल्या राजूरसारख्या चुनाभट्ट्यांच्या आणि कोळशाच्या गावातही मोबाईलवरून पोचलेला आहे. पोरांना नाही म्हणून ती थांबत नाहीत. तेव्हा तो घरीच कसा करावा आणि त्यात काय घालावं, याचा विचार केलेला बरा.

वॅफल म्हणजे दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजलेलं धिरडंच, राजेहो! युरोपात ते शेकडो वर्षांपासून होतं. अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना चुलीवर वापरायच्या साच्याचं पेटंट २४ ऑगस्ट १८६९ रोजी मिळालं. आपल्याकडे हाच प्रकार तव्यावर होत आला, खळगे तेवढे पडत नव्हते. फरक आहे तो पिठात. दुकानातलं वॅफल बहुधा मैद्याचं असतं. मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून जातो, आणि त्याबरोबर चोथा व बरीचशी जीवनसत्त्वंही जातात.

आपल्या जिल्ह्याला तर ज्वारी नवी नाही. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचं पहिलं वाण १९६४ साली आलं आणि त्यांच्या कारकिर्दीत संकरित ज्वारीचा राज्यभर जोरात प्रसार झाला. पुढे कापूस आणि सोयाबीन वाढलं, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, आणि भाकर ताटातून मागे सरकली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं तेव्हा शहरातले लोक ज्वारी शोधू लागले. आपल्या घरात ती पोत्यात असेल तर दुकानातलं मिश्रण कशाला?

ज्वारीची एक अडचण मात्र आहे. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीचं वॅफल साच्यातून काढताना तुटतं. ज्या कारणाने भाकरीचं पीठ आपण गरम पाण्यात मळतो, तेच कारण इथेही लागू आहे. यावर उडदाची डाळ हा उत्तम उपाय. ती पीठ बांधते, आंबवते, शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा जो घटक कमी असतो तो भरून काढते. घरचं कच्चं सोयाबीन दळून मात्र घालू नये. त्यातले काही घटक प्रथिनांचं पचन अडवतात, आणि नीट उष्णता दिल्याशिवाय ते निकामी होत नाहीत.

चार-पाच माणसांसाठी अर्धी वाटी उडदाची डाळ आणि चिमूटभर मेथ्या पाच तास भिजवून बारीक वाटाव्यात. ज्वारीचं पीठ दोन वाट्या घ्यावं. त्यातल्या अर्ध्या वाटीवर उकळतं पाणी ओतून घोटावं, निवलं की बाकीचं पीठ आणि वाटलेली डाळ त्यात मिसळावी, आणि इडलीच्या पिठाइतकं सैल करून झाकून ठेवावं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांतच आंबट होतं, थंडीत रात्रभर चुलीजवळ ठेवावं लागतं. भाजायच्या वेळी मीठ, एक चमचा तीळ, एक कुस्करलेलं पिकलं केळं आणि दोन चमचे तेल घालावं. अंडं खाणाऱ्यांनी एक अंडं फेटून घातलं तर वॅफल अधिक हलकं होतं.

साचा चांगला तापल्याशिवाय पीठ ओतू नये. ओतल्यावर मधेच उघडून बघण्याचा मोह आवरावा, नाहीतर वॅफलचे दोन तुकडे दोन पाट्यांना चिकटलेले दिसतात. वाफ यायची थांबली की झालं असं समजावं.

आता गोडाचं. ऊस आपला, साखर आपली, मग कारखान्याच्याच पत्रिकेत साखर कमी घाला असं कसं लिहिता, असं कुणी विचारील. विचारावं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठलं. उसाला आता ताटाबाहेरही वाट आहे, नातवाच्या ताटात जास्तीचा चमचा टाकून ऊसदर वाढत नाही. उलट २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांतले पुष्कळ आपल्याच भाऊबंदांतले आहेत. वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सुमारे सहा चहाचे चमचे, ठेवली तर अधिक चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा झाले की तेवढी होते! वॅफलच्या वाट्याला मग काय उरतं?

गुळाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. गुळात खनिजं थोडी असतात, चव तर आहेच. पण त्यातला मोठा भाग साखरच आहे, आणि वरच्या हिशेबात गूळ आणि मध दोन्ही धरले जातात. मधुमेह असलेल्या माणसाला 'गूळच आहे, खा' म्हणून आग्रह करू नये. मुलांसाठी सगळ्या पिठात दोन चमचे गूळ पुरतो, केळं गोड असेल तर तोही लागत नाही. वरून पाकाऐवजी दही, पपईच्या फोडी किंवा शेंगदाण्याचं कूट द्यावं. आमच्या मते तिखट वॅफलच सरस: चिरलेला कांदा, मेथीची भाजी, ओवा आणि हिरवी मिरची घालून केलेलं. थोरली मंडळी तेच आधी उचलतात.

विजेचं यंत्र साधारण सातशे ते हजार वॉटचं असतं. अर्धा तास चाललं तरी अर्ध्या युनिटाच्या वर जात नाही. पण लाईनचा भरवसा नसेल तिथे गॅसवर ठेवायचा बिडाचा साचा घ्यावा, तो वर्षानुवर्षं टिकतो. साचाच नसेल तर हेच पीठ तव्यावर किंवा आप्पेपात्रात घालावं. उरलेलं पीठ फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, त्यात थोडं पाणी आणि कोथिंबीर घालून सकाळच्या डब्याची धिरडी होतात.