मराठी वाक्यबोधातील व्याकरणिक संदिग्धता : देवबागच्या किनाऱ्यावरील काही उदाहरणे

प्रस्तावना :
वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबून वाचक अर्थ लावीत नाही. शब्द जसजसे पुढे येतात तसतशी तो वाक्याची रचना मनात बांधीत जातो. एकाच शब्दक्रमातून दोन रचना संभवत असल्यास त्याला निवड करावी लागते, आणि ती बहुधा नकळत होते. कर्ली नदी व अरबी समुद्र यांमधील चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेल्या देवबाग (ता. मालवण) या मच्छीमार गावाच्या जीवनातील प्रसंग कल्पून योजलेल्या वाक्यांच्या आधारे या प्रक्रियेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. नकाराची व्याप्ती :
‘वादळ आले म्हणून होडी परतली नाही.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : (अ) वादळामुळे होडी परतू शकली नाही, (आ) होडी परतली, परंतु परतण्याचे कारण वादळ नव्हे. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या कुटुंबासाठी हा भेद जीवनमरणाचा आहे. मराठीत नकार वाक्याच्या अखेरीस येत असल्याने ‘परतली’पर्यंत उभारलेला अर्थ शेवटच्या शब्दाने उलटतो. पूर्वसंदर्भ नसल्यास वाचक सामान्यतः (अ) हा अर्थ घेतो. ‘वादळ आले म्हणून काही होडी परतली नाही, डिझेल संपले होते’ असे लिहिल्यास ‘काही’ या शब्दाने (आ) कडे कल होतो व पुढील वाक्याने तो निश्चित होतो.

२. कर्त्याचा संभ्रम :
‘आईने मुलाला होडीतून उतरताना पाहिले.’ येथे उतरणारे कोण? ‘-ताना’ या रूपाला लिंग-वचनाचा विकार होत नाही, त्यामुळे व्याकरण निर्णय देत नाही. ‘होडीतून उतरताना आईने मुलाला पाहिले’ असा क्रम केल्यास आईकडे कल वाढतो. ‘मुलगा होडीतून उतरत असताना आईने त्याला पाहिले’ असे लिहिल्यास संदिग्धता उरत नाही.

३. सामान्यरूप व विशेषण :
‘मोठा तांडेल’ व ‘मोठी होडी’ यांतील लिंगभेद विशेषणात दिसतो. मात्र ‘मोठ्या होडीच्या तांडेलाने जाळे ओढले’ यात सामान्यरूपामुळे तो लोपतो. वाचक ‘मोठ्या’ हे विशेषण लगतच्या ‘होडी’ला जोडतो. याउलट ‘अनुभवी होडीच्या तांडेलाने’ असे म्हटल्यास ‘होडी’ जवळ असूनही ‘अनुभवी’ तांडेलालाच लागू पडते.

उपपत्ती :
लिन फ्रेझिअर व कीथ रेनर यांनी १९८२ मध्ये वाचकांच्या नेत्रहालचालींचा अभ्यास करून असे मांडले की, वाचक प्रथम सोपी रचना स्वीकारतो आणि ती चुकल्यास मागे वळून दुरुस्ती करतो. मॅकडोनाल्ड, पर्लमटर व सायडेनबर्ग यांनी १९९४ मध्ये शब्दाचा वापर, अर्थ व संदर्भ हे घटक एकाच वेळी कार्य करतात असे प्रतिपादन केले. भारतीय शाब्दबोधविचारात आकांक्षा, योग्यता, सन्निधी व तात्पर्य या अटी सांगितल्या आहेत. ‘अनुभवी’चे उदाहरण योग्यतेचे, तर ‘म्हणून’नंतर परिणामाची अपेक्षा राहणे हे आकांक्षेचे. सन्निधी म्हणजे पदांचा विलंबाविना उच्चार. तिला आधुनिक सिद्धांतातील समीपतेच्या नियमाचा पर्याय समजणे योग्य ठरणार नाही.

निष्कर्ष :
मराठीतील विभक्ती व लिंग-वचनाचा मेळ संदिग्धता पुष्कळ कमी करतात. परंतु सामान्यरूप, ‘-ताना’ आणि अंती येणारा नकार या ठिकाणी ते आधार देत नाहीत. तेथे वाचक संदर्भावर व लोकव्यवहाराच्या ज्ञानावर विसंबतो. हे ज्ञान सर्वांचे सारखे नसते. ‘बंधाऱ्यालगतची घरे व होड्या हलवाव्यात’ या सूचनेतील ‘होड्या’ नेमक्या कोणत्या, हे गावकरी एक समजेल व बाहेरचा अधिकारी दुसरे. प्रश्नपत्रिकांतही असेच घडते. उत्तर चुकल्यावर ‘विद्यार्थी प्रश्न वाचीत नाहीत’ असे म्हणण्यापूर्वी प्रश्नाचे दुसरे वाचन संभवते काय, हे अध्यापकांनी तपासून पाहणे आवश्यक आहे.