डेटा आला, हे सर्व्हरला कळवतं कोण?

सर्व्हर लिहायला घेतला की पुढची नावं भेटतातच.

• सिलेक्ट (४.२ बीएसडी, १९८३): दर वेळी जोडण्यांची सगळी यादी कर्नलकडे द्यायची. लिनक्सवर नेहमीची मर्यादा १०२४ डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल-सॉकेटचे क्रमांक). त्याच्याच जातीच्या ‘पोल’मध्ये ती मर्यादा नाही, पण यादी पूर्ण तपासावी लागतेच.

• केक्यू (फ्रीबीएसडी, २०००): सॉकेट, सिग्नल, टायमर, फाइलमधले बदल, सगळं एकाच रांगेत.

• ईपोल (लिनक्स २.६, डिसेंबर २००३): नोंदणी एकदाच. परत मिळतात त्या फक्त तयार जोडण्या, म्हणून हजारो जोडण्या निष्क्रिय असल्या तरी भार वाढत नाही.

• आयओसीपी (विंडोज एनटी ३.५, १९९४): जातच वेगळी. ‘वाचता येईल’ असं नव्हे, ‘वाचून झालं’ असं कळवते. आयओ-यूरिंग (लिनक्स ५.१, २०१९) याच वळणाचा.

सूचना कधी येते, आणि अनेक थ्रेड असतील तर

ईपोल दोन पद्धतींनी सूचना देतो. लेव्हल-ट्रिगरमध्ये डेटा शिल्लक असेपर्यंत पुन्हा पुन्हा सूचना येते. एज-ट्रिगरमध्ये नवा डेटा आल्यावरच. त्यामुळे एज-ट्रिगरमध्ये ‘ईअगेन’ (आत्ता वाचायला काही नाही) हा एरर येईपर्यंत वाचत राहायचं. मध्येच थांबलात तर उरलेला डेटा बफरमध्ये पडून राहतो आणि जोडणी अडकते. नवशिक्यांची गाडी बहुधा इथेच अडते.

एकाच सॉकेटवर दोन थ्रेड तुटून पडू नयेत म्हणून ‘ईपोल-वनशॉट’ वापरतात. एक सूचना दिली की नोंद निष्क्रिय होते. काम संपल्यावर ती थ्रेडनेच ‘ईपोल-सीटीएल’ने पुन्हा चालू करायची असते.