किरणोपचारानंतरचे मौखिक आरोग्य व जीवनमान : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

कर्करोगाची गाठ नाहीशी झाली म्हणजे उपचार संपले, असा सर्वसाधारण समज आहे. डोके व मान या भागातील कर्करोगाच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. किरणोपचाराने रोग आटोक्यात आला तरी खाणे, गिळणे व बोलणे ही मुखाची कार्ये पूर्ववत होतातच असे नाही. यवतमाळ जिल्ह्यात येथील व्यसने, आहार, पिण्याचे पाणी व उपचारकेंद्राचे अंतर यांमुळे या प्रश्नास वेगळे परिमाण लाभते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

रोगाची पार्श्वभूमी :

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा व पानमसाल्यावर बंदी घालण्यात आली. तथापि विदर्भात तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटून केलेल्या खर्ऱ्याचे सेवन रूढ आहे. यातील सुपारी निरुपद्रवी मानली जाते. परंतु ती स्वतंत्रपणेही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. सुपारीमुळे गालांच्या आतील आवरणाखाली तंतू साचतात व तोंड उघडणे कमी होत जाते. त्यामुळे येथील अनेक रुग्णांचे मुख किरणोपचारापूर्वीच आखडलेले असते.

किरणोपचाराचे मुखावरील परिणाम :

या कर्करोगात सामान्यतः ६० ते ७० ग्रे इतकी किरणमात्रा आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे सहा ते सात आठवड्यांत विभागून दिली जाते. तिचे प्रमुख परिणाम पुढीलप्रमाणे आहेत.

१) मुखदाह : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात व्रण पडतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते बहुधा भरून येतात.

२) मुखशुष्कता : निरोगी व्यक्तीत दररोज सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ निर्माण होते. कानाजवळील लाळग्रंथी किरणांच्या मार्गात आल्यास हे प्रमाण घटते व पुष्कळदा कायमचे घटलेले राहते. ग्रंथींना वाचवून किरण देण्याच्या नव्या पद्धतीने यात सुधारणा झाली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पारस्पोर्ट चाचणीत एक वर्षानंतर मध्यम वा तीव्र मुखशुष्कतेचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या पद्धतीत ३८ टक्के आढळले.

३) दंतक्षय : लाळ आम्लाचा प्रभाव कमी करते व दातांस खनिजे पुरविते. तिच्या अभावी हिरड्यांलगत दात झपाट्याने किडतात आणि काही महिन्यांतच मुळाशी तुटू शकतात.

४) जबड्याचे आखडणे : चर्वणस्नायू ताठर होतात. सुपारीने आधीच आखडलेल्या मुखात ही दुहेरी बाधा ठरते. दात घासण्याचा ब्रशही आत जाणे कठीण होते.

५) जबड्याच्या हाडाची निर्जीवता : किरणांमुळे हाडाचा रक्तपुरवठा क्षीण होतो. अशा जबड्यातील दात उपटल्यास जखम भरत नाही व हाड उघडे पडते. हा धोका अनेक वर्षांनंतरही टळत नाही.

फ्लोराईडविषयीचा संभ्रम :

दंतक्षय रोखण्यासाठी या रुग्णांना फ्लोराईडयुक्त जेल वा अधिक मात्रेची दंतपेस्ट दिली जाते. जिल्ह्यातील झरी जामणी, केळापूर यांसारख्या तालुक्यांतील काही गावांत मात्र फ्लोराईड हे नाव भीतीचे आहे. तेथील भूजलात त्याचे प्रमाण १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या कमाल मर्यादेपेक्षा अधिक आढळले असून डागाळलेले दात हे त्याचे दृश्य लक्षण आहे. येथे भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. बालपणी दात घडत असताना पोटात जाणारे अतिरिक्त फ्लोराईड दातांस डाग पाडते व दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास हाडांसही अपाय करते. प्रौढाच्या दातांवर बाहेरून लावून थुंकून टाकलेले फ्लोराईड दातांचे रक्षण करते. हे न सांगितल्यास रुग्ण औषध घरी नेऊनही वापरणार नाही.

जीवनमानाचा अर्थ :

जीवनमान मोजण्यासाठी युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेच्या प्रश्नावल्या वापरल्या जातात. टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी भारतीय रुग्णांवर केलेली त्यांची पडताळणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत घन आहार, कोरडे तोंड, लोकांसमवेत जेवणे यांविषयी प्रश्न असतात. यवतमाळच्या ग्रामीण भागात घन आहार म्हणजे ज्वारीची भाकरी व मिरचीचा ठेचा. लाळेविना भाकरीचा घास घशाखाली उतरत नाही आणि ठेचा तोंडास सोसवत नाही. वरणात कुस्करलेली भाकरी वा कण्या वेगळ्या शिजवाव्या लागतात; जेवणास वेळ लागतो, म्हणून रुग्ण पंगतीस बसणे टाळतो. कापूस वेचणाऱ्या मजुरास उन्हात दर थोड्या वेळाने घोटभर पाणी लागते. रात्री कोरड पडून झोपमोड होते. रोगमुक्त ठरलेली व्यक्ती अशा रीतीने घरात व शिवारात एकाकी पडू शकते.

उपाययोजना :

किरणोपचारासाठी जिल्ह्यातील अनेक रुग्ण सुमारे १५० किलोमीटरवरील नागपूरला जातात. उमरखेड-महागावकडील रुग्णांना हे अंतर कितीतरी अधिक पडते. तेथील उपचार सहा-सात आठवड्यांत संपतो. मुखाची निगा मात्र आयुष्यभर गावातच घ्यावी लागते. म्हणून पुढील बाबी आवश्यक ठरतात.

१) किरणोपचारापूर्वी दंततपासणी करून न वाचणारे दात किमान दोन आठवडे आधी काढणे.

२) किरणांचा भाग व मात्रा नमूद असलेला कागद रुग्णाने कायम जवळ बाळगणे व दात काढण्यापूर्वी प्रत्येक दंतवैद्यास दाखविणे.

३) रोज जबड्याचा व्यायाम, मऊ ब्रश, मिठा-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व खर्ऱ्याचा पूर्ण त्याग.

४) ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील दंतचिकित्सकांकडे ठरावीक कालावधीने तपासणी.

समारोप :

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे किरणोपचार गरीब रुग्णांच्या आवाक्यात आला, ही समाधानाची बाब आहे. परंतु यंत्राखाली जाण्यापूर्वी दंतवैद्याकडे जाण्याचा सल्ला न मिळाल्यास वाचलेल्या जीवाला पुढे जबडा गमवावा लागू शकतो. हा सल्ला अल्पखर्चाचा आहे. तो वेळेवर मिळणे महत्त्वाचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून खर्ऱ्याविरुद्ध प्रबोधन करणाऱ्या महाविद्यालयांनी हा संदेशही गावोगावी न्यावा. उपचाराचे यश रुग्ण किती वर्षे जगला यासोबतच तो घरच्यांसमवेत भाकरी खाऊ शकतो का, यावरूनही जोखले गेले पाहिजे.