दोन रग्बी, एक खेळाडू

एमा टोनेगॅटो हे नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे असण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियाची ही खेळाडू २०१३ साली रग्बी लीगचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिने रग्बी सेव्हन्सचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०२२ साली पुन्हा लीगचा विश्वचषक जिंकला. आपल्याला ही सगळी एकच रग्बी वाटते. प्रत्यक्षात लीग आणि युनियन हे दोन स्वतंत्र खेळ आहेत, आणि सेव्हन्स हे युनियनचेच छोटे रूप. मग ही मुलगी एका खेळातून दुसऱ्यात का गेली, आणि परत का आली?

एका खेळाचे अनेक प्रकार असणे आपल्याला नवीन नाही. हुतूतूचेच संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे, अमरमध्ये तो मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजला जाई. पुढे नियमांची एकवाक्यता झाली आणि आजच्या कबड्डीत संजीवनीचे तत्त्व टिकले. रग्बीत उलट घडले. तिथे एकाचे दोन झाले, आणि तेही नियमांवरून नव्हे, मजुरीवरून.

उत्तर इंग्लंडमधले खेळाडू गिरणी कामगार आणि खाणमजूर होते. शनिवारी सामन्याला गेले की त्यांचा रोज बुडायचा. बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी, ही उत्तरेकडच्या क्लबांची मागणी. खेळ हौसेचाच राहिला पाहिजे, असे म्हणून रग्बी युनियनने ती नाकारली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लबांची बैठक झाली आणि उत्तरेची वेगळी संघटना निघाली. तीच पुढे रग्बी लीग झाली. नियम नंतर बदलले. लीगने १९०६ साली खेळाडू पंधरावरून तेरावर आणले. आज लीगमध्ये चेंडू असलेल्या संघाला सहा पकडींपर्यंत खेळता येते. पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे चालू होतो. युनियनमध्ये पकड झाली की चेंडूसाठी दोन्ही संघांची झोंबाझोंबी सुरू होते. लीगमध्ये ट्रायचे चार गुण, युनियनमध्ये पाच.

पैसे घेऊन लीगकडे गेलेल्या पुरुष खेळाडूला युनियनचे दार पुढे शंभर वर्षे बंद होते. १९९५ साली युनियननेच मानधन मान्य केले तेव्हा हा बहिष्कार संपला. टोनेगॅटोचा जन्म त्याच वर्षीचा.

स्त्रियांची अडचण निराळी होती. त्यांच्यासाठी पैसा दोन्हीकडे नव्हता आणि स्पर्धाही उशिरा आल्या. महिलांचा पहिला युनियन विश्वचषक १९९१ साली वेल्समध्ये झाला, तर लीगचा पहिला २००० साली इंग्लंडमध्ये. त्यामुळे जिथे संधी दिसेल तिथे खेळणे हीच रीत पडली. न्यूझीलंडची हनी हिरेमे २०१४ साली युनियनचा आणि २०१७ साली लीगचा विश्वचषक खेळली.

टोनेगॅटोच्या वाटेवर दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. ऑक्टोबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या बैठकीत रग्बी सेव्हन्सला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. पूर्ण मैदानावर दोन्ही बाजूंचे सात-सात खेळाडू, सात मिनिटांचे दोन डाव. ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रेलियाने महिला खेळाडूंशी पूर्णवेळ करार केले आणि लीग जिंकलेली अठरा वर्षांची मुलगी सेव्हन्सकडे वळली. दुसरी तारीख २०१८ ची. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात महिलांची राष्ट्रीय लीग स्पर्धा चार संघांनिशी सुरू झाली आणि परतीची वाट मिळाली. या स्पर्धेच्या २०२१ च्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार टोनेगॅटो आणि मिली बॉइल यांना विभागून मिळाला. बॉइल त्याआधी २०१७ चा युनियन विश्वचषक खेळलेली. म्हणजे लीगचा सर्वोच्च मान युनियनमध्ये खेळून आलेल्या दोघींकडे गेला. पळणे, पकडणे, पडणे आणि पडून उठणे ही विद्या दोन्हीकडे उपयोगी पडते. कोणत्या वर्षी कोणता खेळ खेळायचा, हे मात्र वेतन देणाऱ्या दाराने ठरवले.

भारतात लीग रुजली नाही. इथे रग्बी म्हणजे युनियन, आणि मुलींसाठी ती मुख्यतः सेव्हन्स. पुण्याची वाहबिज भरुचा ही आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण. सेव्हन्समध्ये देशाकडून खेळलेली ही खेळाडू पंधरा जणींच्या भारतीय संघाची कर्णधार झाली. म्हणजे चौदा मिनिटांच्या खेळातून ऐंशी मिनिटांच्या खेळात. दम, वजन, मैदानावरची जागा, सगळे नव्याने बसवावे लागते. पंधरा जणींचा भारतीय संघ जून २०१८ मध्ये सिंगापूरला प्रथमच आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि हरला. २२ जून २०१९ रोजी फिलिपाइन्समध्ये त्याने सिंगापूरला २१-१९ असे हरवले. भारतीय महिलांचा या प्रकारातला तो पहिला विजय. निर्णायक पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची. आदिवासी मुलांना शिक्षणाबरोबर राहणे-जेवण देणारी ही संस्था. संघातली वेगवान स्वीटी कुमारी बिहारची, अ‍ॅथलेटिक्समधून आलेली. भरुचा स्वतः फिजिओथेरपिस्ट. खेळाबरोबर दुसरा व्यवसाय सांभाळायचा, हा हडर्सफील्डचाच प्रश्न सव्वाशे वर्षांनी वेगळ्या वेषात दिसतो.

आमच्या धामणगाव बढ्याकडून पाहिले की हा प्रश्न आणखी जवळ येतो. मोताळा तालुक्यातल्या शाळकरी मुलीला कंबरेची पकड आणि घोट्याची पकड यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. रग्बीला लागणारे निम्मे अंग तिच्याकडे कबड्डीतूनच आलेले असते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे कोणत्या खेळाचे, कोणत्या पातळीवरचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, याकडे घरचे लोक बरोबर लक्ष ठेवतात. त्यात लोभ नाही. बुडालेला रोज मागणाऱ्या खाणमजुराचाच तो हिशेब आहे.

म्हणून एखादी मुलगी कबड्डी सोडून रग्बीकडे गेली, किंवा रग्बी सोडून कबड्डीकडे परतली, तर तिला चंचल म्हणण्याआधी दोन्हीकडे काय मिळत होते ते पाहावे. वसतिगृह होते का, सकाळच्या सरावानंतर पोटभर खायला होते का, सराव संपल्यावर गावाकडे जाणारी एस.टी. मिळत होती का? टोनेगॅटोला कराराचे पैसे मिळाले, सुमित्राला शाळेत राहायला-जेवायला मिळाले. आपल्या मुलींसाठी यातले काय देता येईल, हे गावाने आणि शाळेने आधी ठरवावे. खेळ त्या निवडतील.